कंपनी फिटिंगच्या पिकअपला मोठे टायर: आकाराआधी वजन बघा

नवी पिकअप घेतली की पहिल्या पावसाळ्यातच बहुतेकांच्या डोक्यात मोठ्या टायरचा विचार येतो. सोलापूर भागात तो येण्याची कारणंही खरी असतात. सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागेत जायचं तर शेवटचा रस्ता मुरमाचा, मोहोळ-मंगळवेढ्याकडे काळ्या रानातली चाकोरी, कांदा भरून मार्केट यार्डाकडे येताना हौदा मागून बसलेला. गाडी थोडी उंच असावी, टायर दणकट असावा, असं वाटणं साहजिक आहे.

हा लेख ज्यांनी गाडीत बाकी काहीच बदललेलं नाही त्यांच्यासाठी आहे. कमानीचे पाटे कंपनीचे, डिस्क (टायर ज्यावर बसतो ती चाकाची रिम) कंपनीच्या, मडगार्ड कापलेलं नाही आणि कापायचंही नाही. अशा गाडीला किती मोठा टायर चालेल, आणि तो निवडताना कोणत्या क्रमाने विचार करायचा, ते सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण दुकानात तो नेमका उलटा होतो: आधी आकार आणि दिसणं, मग किंमत, आणि वजनाची गोष्ट निघतच नाही.

आधी ठरवा, मोठा कशासाठी

टायर मोठा केला की गाडी किती उंच होते, हे आधी समजून घ्या. टायरचा एकूण व्यास जितका वाढतो, त्याच्या निम्मीच उंची मिळते. व्यास ३० मिलिमीटरने वाढला तर डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलच्या मधला गोळा) जमिनीपासून फक्त १५ मिलिमीटर वर जातं. दीड सेंटिमीटर. बांधावरचा दगड चुकवायला एवढ्याने काही वेळा फरक पडतो, नेहमी पडत नाही.

तुमची अडचण चिखलात फिरणारं चाक असेल, तर तो नक्षीचा प्रश्न आहे. वेड्या बाभळीच्या काट्यांनी आणि उसाच्या धसकटांनी पंक्चर होत असेल, तर प्रश्न टायरच्या थरांचा आणि जाडीचा आहे. भरलेली गाडी मागून डुलत असेल, तर हवा कमी आहे किंवा टायर त्या वजनाचा नाही. या तिन्हींचा इलाज त्याच आकाराच्या चांगल्या टायरने होतो. माझं स्पष्ट मत आहे की भाड्याची गाडी चालवणाऱ्या दहापैकी बहुतेकांनी आकार तोच ठेवून जास्त वजन पेलणारा टायर घ्यावा. तरीही मोठाच हवा असेल, तर पुढे वाचा.

टायरवरचे आकडे

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, किंवा गाडीच्या पुस्तकात तक्ता असतो. त्यावर कंपनीने दिलेला आकार आणि रिकाम्या-भरलेल्या गाडीची हवा लिहिलेली असते. त्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जुनी गाडी घेतली असेल तर चाकाला बसलेल्या टायरवर विश्वास ठेवू नका. आधीच्या मालकाने काहीही बसवलेलं असू शकतं.

समजा आकार २१५/७५ आर १५ आहे. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे डिस्कचा व्यास इंचात. एक इंच २५.४ मिलिमीटर, म्हणून डिस्क ३८१ मिलिमीटर. खालची भिंत, वरची भिंत आणि मधली डिस्क मिळवली की एकूण व्यास ७०३.५ मिलिमीटर येतो.

आता त्याच डिस्कवर २३५/७५ आर १५ बसवायचा विचार केला तर व्यास ७३३.५ होतो. वाढ ३० मिलिमीटर, म्हणजे ४.३ टक्के. मधला २२५/७५ आर १५ घेतला तर ७१८.५, वाढ २.१ टक्के. नावात फक्त १० आणि २० चा फरक दिसतो, पण गाडीवर होणारा परिणाम वेगळा असतो. हे गणित मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतं, आणि ते स्वतः करायला शिकाच. ‘एक नंबर वरचा आहे, बसतो’ हे दुकानातलं उत्तर पुरेसं नाही.

टायरच्या धंद्यात साधारण तीन टक्क्यांची मर्यादा मानतात, आणि काही न बदललेल्या गाडीसाठी मीही तीच पाळा म्हणेन. तीन टक्क्यांच्या आत स्पीडोमीटर, गिअर, ब्रेक आणि मडगार्ड सगळं सहसा सांभाळून जातं. चार-साडेचार टक्क्यांवर गेलात की प्रत्येक गोष्ट मोजून बघावी लागते. पाचच्या वर काही न बदलता जाऊ नये.

७.०० आर १५ अशा जुन्या पद्धतीच्या आकारात भिंतीची टक्केवारी लिहिलेली नसते. तिथे हे गणित चालत नाही. टायर कंपनीच्या कॅटलॉगमध्ये बाहेरचा व्यास दिलेला असतो, तो आकडा घ्या.

आता खरा मुद्दा: वजन

आकाराच्या पुढे आणखी एक आकडा आणि एक अक्षर असतं. उदाहरणार्थ १०५ एस. १०५ हा वजनाचा निर्देशांक आणि एस ही वेगाची मर्यादा. निर्देशांक म्हणजे किलो नव्हेत, त्याचा ठरलेला तक्ता आहे: १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०५ म्हणजे ९२५, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १,०००, १०९ म्हणजे १,०३०, ११२ म्हणजे १,१२०. हे एका टायरचं वजन, तेही टायर पुरेशा हवेने भरलेला असताना. व्यापारी, म्हणजे मालवाहू गाडीच्या टायरवर १०६/१०३ असे दोन आकडे असतात. पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. आपल्या पिकअपला मागे एकेरी चाक असेल तर पहिला बघा.

मोठा टायर म्हणजे जास्त वजन पेलणारा टायर, ही समजूत चुकीची आहे आणि सगळ्यात जास्त पैसे यातच वाया जातात. २१५/७५ आर १५ हा ८ पीआरचा, म्हणजे आठ थरांच्या ताकदीचा एलटी (हलक्या मालगाडीचा) टायर १०६ मध्ये मिळतो. तो ९५० किलो पेलतो. त्याहून रुंद आणि उंच दिसणारा २३५/७५ आर १५ एसयूव्हीच्या प्रकारात १०५ मध्ये येतो. तो ९२५ किलोच पेलतो. दिसायला भरदार, वजनाला कमी. हाच २३५ एक्सएल म्हणजे जादा वजनाच्या बांधणीत १०९ मध्येही असतो. म्हणजे एकाच आकाराचे दोन टायर दुकानात शेजारी ठेवलेले असतील आणि त्यांच्या क्षमतेत शंभर किलोचा फरक असेल.

मग तुमच्या गाडीला किती लागतं? दोन मार्ग आहेत. पहिला, कंपनीच्या टायरवर जो निर्देशांक आहे त्याच्या खाली कधीही जायचं नाही. हा नियम पाळला तरी निम्मं काम झालं. दुसरा मार्ग जास्त खात्रीचा. नेहमीचा माल भरा आणि भुईकाट्यावर जा. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून मागच्या ॲक्सलचं वजन घ्या. मार्केट यार्ड, साखर कारखाने, एमआयडीसी, आपल्याकडे काट्यांना तोटा नाही, आणि पावती थोड्या पैशांत मिळते. मागच्या ॲक्सलवर १,८८० किलो आले तर प्रत्येक टायरवर ९४० किलो आले. वरच्या उदाहरणातला १०५ चा मोठा टायर इथे नापास, आणि १०६ चा कंपनी आकाराचा टायर पास. तोही काठावर. माल हौद्यात एका बाजूला जास्त असतो, वळणावर भार बाहेरच्या चाकावर जातो, म्हणून दहा टक्के तरी हात राखून घ्या.

आणि काट्याची पावती आरसीवरच्या वजनापेक्षा जास्त आली, तर तो टायरचा विषय राहत नाही. जादा भारासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. कोणताही टायर तुमच्या पाट्यांची, ब्रेकची आणि ॲक्सलच्या हाउसिंगची क्षमता वाढवत नाही.

इथे आपल्या हवामानाचाही विचार करा. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळीसच्या बराच वर असतो आणि डांबर त्याहून तापलेलं असतं. क्षमतेच्या काठावर चालणारा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, दबला की आतून तापतो, आणि तापलेल्या टायरची भिंत सुटते. पुणे किंवा हैदराबाद हायवेवर दुपारी भरलेल्या गाडीचा मागचा टायर फुटणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आकार चुकला तर टायर मडगार्डला घासेल. वजन चुकलं तर माणूस जाईल. म्हणून वजन आधी.

डिस्कला बसतो का

टायरच्या प्रत्येक रुंदीला डिस्कची ठरलेली रुंदी लागते. २१५/७५ आर १५ साडेपाच ते सात इंच रुंदीच्या डिस्कवर चालतो. २३५/७५ आर १५ ला सहा ते आठ इंच हवेत. तुमची डिस्क साडेपाच इंची असेल तर २३५ हवा भरल्यावर बसलेला दिसेल, पण मधून फुगेल, कडा आत ओढल्या जातील आणि मधली नक्षी लवकर झिजेल. डिस्कची रुंदी डिस्कवरच कोरलेली असते, ५.५ जे, ६ जे अशी. चाक काढल्यावर आतल्या बाजूला सापडते.

डिस्क न बदलता रुंद टायर घातला तर वाढलेली रुंदी निम्मी आत आणि निम्मी बाहेर जाते. २० मिलिमीटर वाढले तर आत १०. त्या १० मिलिमीटरमध्ये पाटे, शॉकअपचा खालचा भाग आणि ब्रेकचा पाइप येतो का ते बघायचं. जागा करायला स्पेसर (डिस्कच्या मागे टाकायची चकती) टाकू नका. चाक बाहेर सरकलं की बेअरिंगवरचा भार वाढतो, आणि हे नुकसान काही महिन्यांनी दिसतं.

जागा मोजणे

गाडी सपाट जागी उभी करा. पुढच्या चाकासाठी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे काटा, म्हणजे वळवा, आणि टायरची मागची कड, मडगार्डचं अस्तर, मडफ्लॅप यांच्यातली जागा मोजा. मग पूर्ण उजवीकडे. मग रिव्हर्समध्ये पूर्ण काटून दोन फूट मागे घ्या आणि परत बघा, कारण मागे जाताना चाकाची जागा थोडी बदलते. सगळ्यात कमी आलेला आकडा लिहून ठेवा.

मागच्या चाकाचं मोजमाप बहुतेक जण करतच नाहीत, आणि मालगाडीत घासतं ते बहुधा तिथेच. ॲक्सलच्या वर चासीला एक रबरी ठोकळा असतो. ॲक्सल जास्तीत जास्त त्या ठोकळ्यापर्यंत वर येतो. रिकाम्या गाडीत ॲक्सल आणि ठोकळा यांच्यातलं अंतर मोजा. समजा ते ९० मिलिमीटर आहे. आता टायरचा माथा आणि हौद्याची खालची बाजू किंवा मडगार्ड यांच्यातलं अंतर मोजा. ते ९० पेक्षा किती जास्त आहे, तेवढीच खरी मोकळी जागा. मोठ्या टायरचा माथा व्यासवाढीच्या निम्म्याने, म्हणजे आपल्या उदाहरणात १५ मिलिमीटरने वर जाणार. शिवाय खड्ड्यात रबरी ठोकळा स्वतः दबतो आणि एका बाजूचं चाक उचललं की ॲक्सल तिरका होतो. म्हणून १५ च्या वर अजून २० मिलिमीटर तरी हवेत.

आणि यात चिखल धरायला विसरू नका. लाल मुरमाच्या भागात लिहिलेली मापं आपल्या काळ्या मातीला लागू पडत नाहीत. ओली काळी माती टायरला थराथराने चिकटते आणि मडगार्डच्या आत भरून बसते. कोरड्या दिवशी बोटभर जागा दिसत असली तरी जुलैत रानातून बाहेर येताना ती उरत नाही. चाक मातीत जाम होतं, गाडी भरलेली असते, आणि मग ट्रॅक्टर शोधावा लागतो. याच कारणासाठी मी इथल्या गाड्यांना रुंदी वाढवण्याच्या बाजूचा नाही. चिखलात अरुंद टायर खाली जाऊन घट्ट जमीन पकडतो. रुंद टायर वर तरंगतो आणि चिखल गोळा करतो. वाळूत हे उलट असतं, पण आपली रानं वाळूची नाहीत.

काही मेकॅनिक जागा करण्यासाठी स्टिअरिंगचा स्टॉपर बोल्ट फिरवून थोडा बाहेर आणतात, म्हणजे चाक कमी वळतं आणि घासत नाही. त्याने गाडीचं वळण मोठं होतं. मार्केट यार्डात गोण्यांच्या थप्प्यांमधून गाडी लावणाऱ्याला हा सौदा परवडत नाही.

नक्षी

एचटी म्हणजे रस्त्याची, एटी म्हणजे मिश्र, एमटी म्हणजे चिखलाची. महिन्याचे बहुतेक किलोमीटर चार पदरी रस्त्यावर जात असतील आणि रान फक्त दोन्ही टोकांना असेल तर एटी पुरे. एमटीचे मोठे गुटके हायवेवर आवाज करतात, ओल्या डांबरावर कमी पकडतात आणि डिझेल जास्त खातात. व्यापारी टायरमध्ये पुढे सरळ रेघांची रिब आणि मागे आडव्या जाड गुटक्यांची लग नक्षी ही जुनी जोडी आजही आपल्या कामाला चांगली आहे. फोर बाय फोर गाडीत मात्र चारही टायर एकाच आकाराचे, एकाच नक्षीचे आणि साधारण सारख्या झिजेचे हवेत, नाहीतर गिअरची यंत्रणा ओढली जाते.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करू नये. मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरची संख्या आणि आकारही लिहिलेला असतो. म्हणून सोलापूरची एमएच १३ असो की अकलूजची एमएच ४५, पासिंगला वेगळा आकार दिसला तर निरीक्षक हरकत घेऊ शकतो, आणि अपघातानंतर विम्याचा सर्व्हेयरही तोच प्रश्न विचारू शकतो. सोपा मार्ग असा: तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने कोणता आकार दिला आहे ते बघा, आणि तो तुमच्या गाडीलाही चालतो का हे सर्व्हिस सेंटरमधून लेखी घ्या. मोठा आकार निवडायचाच तर हाच निवडा. तो लेखी मिळत नसेल तर कंपनीच्याच आकारात राहा.

दुकानात

टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १२२५ म्हणजे २०२५ सालचा बारावा आठवडा. वर्षभरापेक्षा जुना टायर नवा म्हणून घेऊ नका. आपल्या उन्हात गोदामात पडलेलं रबरही कडक होतं. आयएसआयची खूण बघा. व्यापारी टायरसाठी आयएस १५६३६ हे मानक आहे. पक्कं बिल घ्या, त्याशिवाय वॉरंटी मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे कच्च्या बिलाचा मोह धरण्याचं कारण आणखी कमी झालं आहे. मोठ्या आकाराला रिमोल्ड (झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेला) टायर नकोच, आणि पुढच्या चाकाला तर कधीच नको.

सगळे टायर घेण्याआधी एकच बसवून बघायची विनंती करा. पुढे डावीकडे बसवा, दोन्ही बाजूंना पूर्ण काटा, मग एक चाक फुटपाथच्या कडेवर चढवून पुन्हा काटा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. स्टेपनीचाही हिशेब त्याच वेळी करा. हौद्याखालच्या जागेत मोठा टायर बसतो का, सायलेन्सरला लागतो का? स्टेपनी जुन्या आकाराची ठेवली तर ती जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत हळू जाण्यापुरतीच वापरायची, भरलेल्या मागच्या ॲक्सलला नाही.

बसवल्यानंतर

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळा.

हवेचा आकडा नव्याने ठरवावा लागतो. टायरच्या भिंतीवर छापलेला पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाचा आकडा, ही कमाल मर्यादा आहे, रोजची हवा नव्हे. आधी साधा टायर होता आणि आता एलटी घेतला असेल, तर तेच वजन पेलायला एलटीला जास्त हवा लागते. जुन्या स्टिकरचा आकडा कमी पडतो. टायर कंपनीच्या तक्त्यात तुमच्या काट्याच्या पावतीवरचं वजन शोधा आणि समोरचा आकडा घ्या. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. दुपारी चालून आलेल्या गाडीत हवा वाढलेली दिसते, ती काढून टाकू नका. संध्याकाळी तोच टायर कमी हवेवर येतो.

मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, म्हणून मीटर मागे राहतो. ४.३ टक्क्यांच्या वाढीत मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी सुमारे ८३ ने पळत असू शकते. कंपन्या मीटर मुळात थोडा पुढे ठेवतात, त्यामुळे प्रत्यक्ष फरक कमी निघेल. मोबाइलच्या जीपीएसवर मोकळ्या रस्त्यात एकदा ताडून बघा. चढावर गाडी जड वाटेल, तुळजापूरच्या घाटात भरलेली गाडी एक गिअर आधी उतरवावी लागेल. तिथे क्लच रेटू नका. ब्रेकलाही मोठं आणि जड चाक थांबवायचं आहे, म्हणून पहिले काही दिवस पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा.

मायलेज पडलं अशी तक्रार लगेच करू नका, आधी हिशेब दुरुस्त करा. मीटरवर ४०० किलोमीटर आणि ३० लिटर डिझेल म्हणजे १३.३ दिसतं. खरं अंतर ४१७ असतं, म्हणजे मायलेज १३.९. सर्व्हिसचं मात्र उलट आहे: मीटरवर १०,००० झाले तेव्हा गाडी १०,४०० च्या वर चाललेली असते, म्हणून ऑइल मीटरच्या ९,५०० लाच बदला.